हिमावरची पांदण

यवतमाळ जिल्ह्यांतील माणसाला बर्फाची ओळख दोनच रूपांनीं असते. एक उन्हाळ्यांतील सरबताच्या पेल्यांतलें, आणि दुसरें फाल्गुनाच्या सुमारास अवचित कोसळणाऱ्या गारांचें. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत महाराष्ट्रांत झालेली गारपीट ज्यांनीं पाहिली, त्यांना हातातोंडाशीं आलेला गहू-हरभरा घटकाभरांत कसा आडवा होतो हें सांगावयास नको. ज्या प्रदेशांत वैशाखांतील पारा ४४ अंशांपर्यंत चढतो, तेथें पायाला लांकडी पट्ट्या बांधून बर्फावरून चालण्याच्या कलेचें विवेचन कशासाठीं, असें कोणासही वाटेल. परंतु या कलेचें मर्म वऱ्हाडच्या काळ्या जमिनींतून आषाढांत चाललेला मनुष्य जितक्या लवकर जाणेल, तितक्या लवकर फरसबंदी रस्त्यावर वाढलेला जाणणार नाहीं.

काळी जमीन एकदां भिजली कीं ती पाऊल धरून ठेवते. एक पाय उपसावा तों दुसरा रुततो. वहाण चिखलांत राहते आणि पाय तेवढा मोकळा वर येतो. बंडीचें चाक आऱ्यांपर्यंत बुडालें म्हणजे बैलही गुडघे टेकतात. ताज्या हिमाचा स्वभाव असाच आहे. नुकतें पडलेलें हिम म्हणजे पिंजलेल्या कापसाचा ढीग. त्याच्या आकारमानांत बहुधा नऊ हिस्से हवा आणि एखादा हिस्सा बर्फ असतें. त्यावर पाय ठेवणारा मांडीपर्यंत खालीं जातो. उत्तर युरोपाच्या पुष्कळ भागांत भूमि वर्षांतून कित्येक महिने अशा कापसाखालीं झांकलेली असते. त्या दिवसांत सरपण आणावयाचें, शिकारीस जावयाचें, शेजारच्या गांवीं आप्तांचा समाचार घ्यावयाचा, तर चालावें कसें? या प्रश्नांतून जी युक्ति निघाली, तिचें नांव स्की.

या युक्तीचें गणित प्राथमिक शाळेंतील मुलासही सुटेल. ६० किलो वजनाचा मनुष्य एका पायावर उभा आहे आणि त्याच्या जोड्याच्या तळाचें क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर आहे असें समजूं. दर चौरस सेंटिमीटरवर ३०० ग्रॅम भार पडला. आतां त्याच पायाखालीं २ मीटर लांब आणि ५ सेंटिमीटर रुंद अशी पट्टी बांधली. क्षेत्रफळ १,००० चौरस सेंटिमीटर झालें, आणि दर चौरस सेंटिमीटरवरील भार ६० ग्रॅमवर आला. वजन तेंच, पांचपट जागेवर वांटलें गेलें इतकेंच. चिखलांत फसलेल्या चाकाखालीं फळी सरकविणारा गाडीवान पाटीपेन्सिलीवांचून हेंच गणित करीत असतो.

‘स्की’ हा शब्द जुन्या नॉर्स भाषेंतील असून त्याचा मूळ अर्थ फोडलेल्या लांकडाची ढलपी असा आहे. वस्तु अत्यंत प्राचीन आहे. स्वीडनमध्यें काल्वट्रेस्क येथें १९२४ सालीं दलदलींत सांपडलेल्या स्कीचें वय सुमारें ५,२०० वर्षें ठरलें आहे. म्हणजे मोहेंजोदडोचें नगर भरभराटीस येण्यापूर्वींच उत्तरेकडील शिकारी या पट्ट्यांवरून हिंडत होते. पुढें १२०६ सालीं नॉर्वेंत गादीसाठीं यादवी माजली असतां, बिर्केबाइनर नांवाच्या पक्षांतील दोघां स्कीपटूंनीं हॉकोन नामक तान्ह्या राजपुत्राला भर हिंवाळ्यांत डोंगर ओलांडून शत्रूपासून दूर नेलें. तो बालक पुढें नॉर्वेचा राजा झाला. या घटनेच्या स्मरणार्थ १९३२ सालापासून रेना ते लिलेहामर अशी ५४ किलोमीटरांची शर्यत सुरू झाली. स्पर्धकाच्या पाठीवर निदान ३.५ किलोंचें ओझें असलेंच पाहिजे, असा तिचा दंडक आहे. तें ओझें म्हणजे त्या बालकाची आठवण. १६६० च्या रणसंग्रामाच्या स्मरणार्थ दरवर्षीं भर पावसांत पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत पायीं जाणारे महाराष्ट्रांतील तरुण या दंडकाचा अर्थ न सांगतां ओळखतील.

स्कीचे दोन मोठे पंथ आहेत. आल्प्स पर्वतांत वाढलेल्या पंथांत पायाची टांच पट्टीला घट्ट जखडलेली असते. यंत्राच्या पाळण्यांत बसून शिखरावर जावयाचें आणि उतारावरून वेगानें खालीं यावयाचें, हा त्याचा क्रम. दुसरा पंथ उत्तरेकडचा, म्हणून त्यास नॉर्डिक म्हणतात. यांत जोड्याचा पुढचा भाग तेवढा अडकविलेला असतो आणि टांच मोकळी राहते. आपल्या चपलेंत पाय जसा पुढें धरलेला व मागें सुटा असतो तसा. टांच सुटी असल्यामुळें मनुष्य सपाटीवर चालूं शकतो, चढण चढूं शकतो आणि उतारही उतरूं शकतो. पहिला पंथ उतरण्याचा आहे, दुसरा प्रवासाचा आहे. नॉर्वेंतील टेलेमार्क प्रांताच्या सोंद्रे नुर्हाइम या गरीब कारागिरानें (१८२५–१८९७) टांचेभोंवतीं पिळलेल्या फांद्यांचा पट्टा बसवून या प्रवासी स्कीला वळणें घेण्याचें सामर्थ्य दिलें. १८८८ सालीं फ्रिट्‌यॉफ नान्सेन यानें पांच सोबत्यांसह याच साधनानें ग्रीनलंडचें हिमाच्छादित पठार ओलांडलें, आणि १९११ च्या १४ डिसेंबरला आमुन्सेन दक्षिण ध्रुवावर पोंचला तोही स्की व कुत्र्यांच्या गाड्या यांच्या बळावर.

येथें चाणाक्ष वाचक एक शंका काढील. पट्टी घसरते म्हणून वेग येतो हें खरें. परंतु घसरणाऱ्या पट्टीवर उभें राहून पुढें रेटा कसा देतां येईल? पाय मागच्या मागें सरकणार नाहीं काय? या अडचणीवरील तोड फार सुंदर आहे. स्की सरळ नसते. ती धनुष्याच्या कामठ्यासारखी मध्यें किंचित् वर उचललेली असते. दोन स्की तळाला तळ लावून धरल्या तर टोंकें टेकतात आणि मध्यें फट राहते. या उचललेल्या मध्यभागाला एक चिकट मेण लावतात. दोन्ही पायांवर सारखा भार असतांना मध्यभाग बर्फाला जेमतेम शिवतो, आणि पट्टी टोंकांवर घसरत जाते. पुढें जाण्यासाठीं सारें वजन एका पायावर टाकून जोर दिला कीं कामठें दबतें, मेण बर्फावर टेकतें, हिमाचे बारीक कण त्यांत रुततात आणि पट्टी क्षणभर जमिनीला धरून राहते. भार उचलतांच पकड सुटते व पट्टी पुन्हां धांवूं लागते. अशी पकड आणि घसरण एकामागून एक येत राहते, आणि हातांतील दोन काठ्या तिला ताल देतात.

हें मेण लावणें म्हणजे एक शास्त्रच आहे. कोरड्या थंडींतील हिमकण अणकुचीदार असतात, त्यांना कठीण मेण लागतें; हवा उबदार झाली कीं कणांच्या धारा बोथट होतात, मग मऊ मेण लागतें; आणि वितळून पुन्हां गोठलेल्या खडबडीत बर्फासाठीं नळींतून काढावयाचें चिकणें मलम वापरतात. निवड चुकली तर पट्टीखालीं बर्फाचे गोळे चिकटतात, नाहीं तर पाय जागच्याजागीं सरकत राहतो. ज्यांना ही यातायात नको, त्यांच्यासाठीं माशाच्या खवल्यांप्रमाणें तळाला खाचा पाडलेल्या स्की मिळतात. घसरण वाढविण्याकरितां शर्यतवाले कांहीं वर्षें फ्लोरिनयुक्त मेणें वापरीत; परंतु तीं माती-पाण्यांत दीर्घकाळ टिकून अपाय करतात असें दिसून आल्यावर आंतरराष्ट्रीय स्की-संघटनेनें २०२३-२४ च्या मोसमापासून शर्यतींत त्यांना बंदी केली.

येथवर साधनाचा विचार झाला. परंतु उत्तम स्की आणि उत्तम मेण असूनही मोकळ्या, भुसभुशीत हिमांतून एकट्यानें वाट काढणें हें अत्यंत कष्टाचें काम आहे. पहिल्यानें जाणारा हिम दाबीत जातो, दुसऱ्याला तें सोपें होतें, दहाव्याला तयार वाट मिळते. म्हणून स्कीच्या प्रवासाचा खरा आधार पायांतील पट्टींत जितका आहे, तितकाच पायांखालच्या वाटेंत आहे. ही वाट म्हणजे हिमांत दाबलेल्या दोन समांतर चाकोऱ्या. जणु बंडीनेंच पाडलेल्या. आजकाल वाट दाबण्याचें काम मोठ्या यंत्रांनीं होतें. मातीची वाट निदान वर्षभर दिसते. हिमावरची वाट मात्र एका रात्रींत नाहींशी होते. सायंकाळीं आखलेली चाकोरी सकाळपर्यंत नव्या हिमाखालीं गडप झालेली असते, आणि कोणी तरी पहांटे उठून ती पुन्हां पाडावी लागते.

तें कोणी तरी कोण, हा या विषयाचा गाभा आहे. नॉर्वेची राजधानी ऑस्लो हिच्या भोंवतालच्या अरण्यांत दोन हजार किलोमीटरांहून अधिक लांबीच्या स्की-वाटा हिंवाळ्यांत राखल्या जातात. त्यांचा मोठा भार १८८३ सालीं स्थापन झालेली ‘स्कीफोरेनिंगेन’ ही संस्था वाहते. सभासदांची वर्गणी आणि नगरपालिकांचें साहाय्य यांवर तिचें काम चालतें. डोंगराळ भागांत १८६८ सालीं निघालेली नॉर्वेजियन पर्यटक संस्था आहे. तिच्या मुक्कामाच्या झोंपड्या पांचशेंहून अधिक आहेत. हिंवाळी मार्गावर ती ठराविक अंतरानें फांद्या वा काठ्या रोवून ठेवते, म्हणजे धुक्यांत व हिमवादळांत प्रवाशाला एका खुणेपासून दुसरी खूण शोधीत जातां यावें. तिच्या कित्येक झोंपड्यांत रखवालदार नसतो. कोठीत शिधा मांडलेला असतो. प्रवासी लागेल तें घेतो, नोंद करतो, पैसे भरतो, भांडीं घासून, सरपण फोडून, पुढच्याकरितां जागा झाडून निघून जातो. या व्यवस्थेला पहारा नाहीं. मागून येणारा आपल्याइतकाच थकलेला असेल, एवढी जाणीवच तिचा पहारा करते.

अशा सामुदायिक श्रमाला नॉर्वेंत ‘दुग्नाद’ म्हणतात. महाराष्ट्रांत कोठें इर्जिक, कोठें सावड म्हणून जी चाल आहे, तिचीच ही बहीण. हिम पडण्यापूर्वीं, शरदांत, गांवचे लोक एक दिवस ठरवून वाटेंतले धोंडे काढतात, झुडपें छाटतात, दलदलीवर फळ्या टाकतात. वाटेवर वागण्याचे नियमही साधे आहेत. चाकोरींतून नुसत्या पायांनीं चालूं नये, कारण पायाचा खड्डा मागून येणाऱ्याला पाडतो. थांबावयाचें असल्यास बाजूस व्हावें. चढणाऱ्यानें उतरणाऱ्यास वाट द्यावी, कारण उतरणाऱ्याला थांबणें अवघड असतें. पडल्यास आधीं वाटेंतून दूर व्हावें आणि मग कपडे झाडावे.

या वाटा जातात त्या जमिनी बहुतेक कोणाच्या ना कोणाच्या खाजगी मालकीच्या असतात. तरीही त्यांवरून जाणाऱ्यास कोणी हटकीत नाहीं. नॉर्वेंत १९५७ सालीं झालेल्या कायद्यानें जुन्या रूढीला लेखी रूप दिलें. पडीक रान, डोंगर, अरण्य यांतून काळजीपूर्वक जाण्याचा हक्क सर्वांस बारमाही आहे. पेरणीच्या शेतांतून मात्र जमीन गोठलेली असेल किंवा हिमानें झांकलेली असेल तेव्हांच पायीं वा स्कीवरून जातां येतें. आणि ३० एप्रिल ते १४ ऑक्टोबर या काळांत तेंही चालत नाहीं. म्हणजे पीक उभें असतां शेत शेतकऱ्याचें, आणि पीक नसतां, जमिनीला अपाय होण्याचें भय नसतां, वाट सर्वांची. मालकाचें नुकसान नाहीं आणि वाटसरूची अडवणूक नाहीं, असा हा तोडगा आहे.

आंखलेल्या वाटेपलीकडे आडरानांतील स्की-प्रवास सुरू होतो. तेथें खुणा नाहींत, चाकोरी नाहीं. चढणीसाठीं स्कीच्या तळाला केसाळ पट्टा चिकटवितात. पूर्वीं तो सील नांवाच्या जलचराच्या कातड्याचा असे. त्याचे केंस एकाच दिशेला वळलेले असल्यामुळें पट्टी पुढें सरकते, मागें सरकत नाहीं. तेथील खरा शत्रु हिमलोट. डोंगरावर हिमाचे थर एकावर एक सांचत जातात. खालचा एखादा थर कच्चा राहिला, आणि उतार ३० अंशांहून अधिक असला, तर एका माणसाच्या भारानेंही वरचा सारा थर तुटून कोसळतो. त्याखालीं पुरला गेलेला मनुष्य वांचविण्याचा अवधि पहिल्या दहा-पंधरा मिनिटांचा असतो. बाहेरून मदत येईपर्यंत तो संपलेला असतो. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर संदेश पाठविणारें व पकडणारें छोटें यंत्र, पाठीवर लांब सळई आणि फावडें हीं असलींच पाहिजेत. कारण तुम्हांला उकरून काढणारा तुमचा सोबतीच. वेळीच माघारी फिरण्यांत लाज नाहीं, हा नॉर्वेच्या डोंगर-नियमांतील एक नियम तेथें मुलांना लहानपणींच शिकवितात.

भारतांत ही विद्या हिमालयाच्या आश्रयानें आली. काश्मीरांत गुलमर्ग येथें १९२७ सालीं इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनीं स्की-क्लब काढला. १९४८ सालीं तेथेंच सैन्याची उंच पर्वतीय युद्धशाळा स्थापन झाली, आणि २०२० सालीं ‘खेलो इंडिया’ हिंवाळी क्रीडास्पर्धा गुलमर्गला प्रथम भरल्या. २०१८ च्या हिंवाळी ऑलिंपिकमध्यें जगदीश सिंग हा भारतीय १५ किलोमीटरांच्या नॉर्डिक शर्यतींत धांवला व १०३ वा आला. ज्या देशांत घरच्या अंगणांत चाकोरी असते, तेथील मुलें चालावयास शिकतात तशीं स्की शिकतात. त्यांच्याशीं बरोबरी करणाऱ्याला १०३ व्या क्रमांकाकरितां काय सोसावें लागलें असेल याची कल्पना यावरून करावी.

यवतमाळ जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत हिम नाहीं, परंतु वाटेचा प्रश्न आहे. येथें तिचें नांव पांदण. दोन शेतांच्या धुऱ्यांमधून जाणारी ही वाट गांवच्या नकाशावर तुटक रेषांनीं दाखविलेली असते; गाडीमार्ग असेल तर दोन तुटक रेषा, पायवाट असेल तर एक. नकाशावर ती ठसठशीत असते, शिवारांत मात्र सांपडत नाहीं. एका बाजूचा शेतकरी वखराच्या एका पाळीनें आंत सरकतो, दुसऱ्या बाजूचा दुसऱ्या पाळीनें. उरल्या पट्ट्यांत बाभूळ माजते. ज्याचें शेत पांदणीच्या शेवटीं, त्याचें नुकसान सर्वांत अधिक. पेरणीला खत डोक्यावरून न्यावें, वेंचलेला कापूस गांठोडीं बांधून आणावा, आजाऱ्याला चिखलांतून खाटेवर घालून सडकेपर्यंत पोंचवावें, हें त्याच्या कपाळीं येतें. मग भाऊबंदांत वैर येतें, आणि वैर कचेरींत जातें.

कायदा या बाबतींत मुका नाहीं. १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाच्या ५ व्या कलमान्वयें वहिवाटीच्या रस्त्यावरील अडथळा दूर करण्याचा हुकूम तहसीलदार देऊं शकतो. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत अर्ज केला पाहिजे, ही अट पुष्कळांस ठाऊक नसते आणि मुदत निघून जाते. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचें १४३ वें कलम शेताच्या बांधावरून रस्ता मिळण्याविषयीं आहे. शासनानें २०२१ सालीं मातोश्री ग्रामसमृद्धि योजनाही पांदण रस्त्यांसाठींच जाहीर केली. तथापि हुकुमानें काढलेली बाभूळ दोन पावसाळ्यांत पुन्हां उगवते, आणि अनुदानानें टाकलेला मुरूम दोन पावसाळ्यांत काळ्या मातींत बुडतो. त्यानंतर ती वाट राखावयाची कोणी, याचें उत्तर कोणत्याच कलमांत लिहिलेलें नाहीं. गांव करी तें राव न करी ही म्हण वऱ्हाडांतही आहे. नॉर्वेच्या लोकांनीं ती हिमावर आचरून दाखविली, इतकेंच.

आतां तेथील हिमालाही ओहोटी लागली आहे. पृथ्वीचें उष्णतामान वाढत चालल्यानें सखल भागांतील हिंवाळा आंखूड होत आहे, आणि ज्या वाटांवर आज्यांनीं नातवांना चालावयास शिकविलें त्यांवर कित्येक वर्षीं कृत्रिम हिम पसरावें लागतें. नॉर्वेंतील डिगरवार्डेन येथील डोंगरावर २०१४ सालीं वितळत्या बर्फांतून सुमारें तेराशें वर्षांपूर्वींची एक स्की बाहेर आली, आणि तिची जोडीदार त्याच ठिकाणीं २०२१ सालीं मिळाली. इतकीं शतकें बर्फानें जें जपून ठेवलें, तें आतां त्याच्या हातून सुटत आहे. त्या स्कीला पावलाच्या जागीं झीज आहे आणि दुरुस्तीच्या खुणा आहेत. कोणी तरी ती पुष्कळ वापरली, मोडली तेव्हां सांधली आणि पुन्हां वापरली.

नॉर्वेंतील गांवकरी शरदांत, हिम पडण्यापूर्वीं, वाट साफ करतात. हिम पडल्यावर खालचा धोंडा दिसत नाहीं आणि काढतांही येत नाहीं. काळ्या जमिनीच्या मुलुखांत तोच काळ चैत्र-वैशाखाचा. नांगरटी झालेल्या असतात, धुरे उघडे असतात, तुटक रेषांचा नकाशा तलाठ्याकडे मिळतो, आणि मृगाला अद्याप महिनाभर अवकाश असतो. एकदां पाऊस पडला कीं पांदणींत कुऱ्हाड घेऊन उतरावयासही वाट राहत नाहीं.